शारकान आपाचा हुडवा

…नाही, नाही, मोजे राहू देत रे! एर्मेक, ती वही आधी मीट. ‘मोजे किती जोड, बूट लोकरीच्या नमद्याचे की रबराचे, खिडकीच्या फटीत कापूस कोंबायचा की कागद चिकटवायचा’... अरे, गावाला राहायला जायचं म्हणून मीसुद्धा हेच सगळं लिहून नेलं होतं की! चौऱ्याहत्तर कलमं होती माझ्या यादीत. चौऱ्याहत्तर! टाइप करून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून! गाडीची बॅटरी संध्याकाळी काढून घरात घ्यायची, कलम अकरा. पंपाचं पाणी दुपारच्या आत भरायचं, नंतर दांडा गोठतो, कलम बारा. संडास घरापासून चाळीस पावलांवर, तेव्हा झोपताना चहा प्यायचा नाही, कलम तेरा. सगळी कलमं बरोबर निघाली, एकूण एक! आणि तरी आज तुमच्यासमोर बसलाय तो माणूस... काय सांगू तुम्हाला... चोर आहे, चोर! चूक माझीच आहे, नाही म्हणत नाही, पण आधी ऐकून तर घ्या!

आता या कँटीनमध्ये मला कोण ओळखत नाही? बत्तीस वर्षं मी याच औष्णिक केंद्रात काढली. अर्ध्या बिश्केकच्या नळ्यांतून जे गरम पाणी फिरतं ते माझ्या हाताखालून फिरायचं. कुणाच्या घरात अठरा अंश ठेवायचे, कुणाच्या घरात बावीस, हा मेदेत ठरवणार! पण स्वतःच्या हाताने कधी चूल पेटवली? आयुष्यात नाही! हसताय काय, तुमच्यातल्या कोणी पेटवलीय? झडप फिरवली की ऊब, विषय संपला. मग आमच्या सोनुनची, बायकोची हो, छाती भरायला लागली. हिवाळा आला की शहराच्या धुरात तिला चार पायऱ्या चढवेनात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘हिला मोकळ्या हवेत न्या.’ मी म्हटलं, नेतो. हा धूर येतो कुठून, असं काही मी बाईंना विचारलं नाही. कारण त्यातला निदान एक झोत कुठल्या धुराड्यातून निघतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणजे बघा, माझा अपराध तिथपासूनच सुरू होतो!

तर आत-बाशीच्या पलीकडे, कारा-बुलुनला घर घेतलं. तीस-पस्तीस धुराडी, एक दुकान, बाकी सगळे डोंगर. घर विकणारा कासिमाली म्हणून भला माणूस, तो मुलीकडे राहायला निघालेला. त्याचा फोन आला, आवाज असा, जसा काही घोड्यावरूनच बोलतोय. ‘मेदेत दादाऽऽ! सरपणाची काळजी करू नका होऽऽ! तेस्केयच्या भिंतीला गोवऱ्यांचा हुडवा रचून ठेवलायऽऽ! हिवाळाभर पुरेलऽऽ!’ आणि लाइन तुटली.

तेस्केयच्या भिंतीला. आता मला सांगा, तेस्केय म्हणजे कुठली बाजू? हां, बघा! बघा कशी माना खाली गेल्या! शहरात जन्मलेल्या कुणालाही विचारा. पण मी पडलो इंजिनिअर, मी डोकं चालवलं. म्हटलं, इसिक-कुल सरोवराच्या दोन्ही अंगांना डोंगर, एक कुंगोय, दुसरा तेस्केय, शाळेच्या नकाशात पाठ केलंय. तेस्केय कुठल्या अंगाला? दक्षिणेला! म्हणजे तेस्केयची भिंत कुठली? दक्षिणेची! गेलो दक्षिणेच्या भिंतीकडे, आणि खरंच की हो, छातीएवढा हुडवा! गोवऱ्या कशा? एकसारख्या, कडा दाबलेल्या, उन्हात वाळून खणखणीत, दोन एकमेकींवर वाजवल्या तर लाकडासारखा आवाज! सोनुन म्हणाली, ‘अहो, एकदा शेजारी विचारा ना. ही भिंत पलीकडच्या अंगणाला लागून आहे.’ मी म्हटलं, ‘सोनुन, घर आपलं, भिंत आपली, भिंतीला टेकलेला हुडवाही आपला. विचारायचं काय त्यात?’ आणि उत्तरेच्या बाजूला जाऊन बघितलं का? कशाला बघू? मला सापडला होता! चूक माझीच आहे, नाही म्हणत नाही, पण तुम्ही तरी बघितलं असतंत का?

पहिल्या दिवशी चूल पेटवली. धूर जो निघाला तो धुराडं सोडून सगळीकडून निघाला! फटीतून, फळ्यांतून, माझ्या नाकातून. दार उघडून खोकत बाहेर पडलो तर कुंपणाकडून एक म्हातारी येतेय. लहानखुरी, पांढरा रुमाल, पुरुषी कोट, आणि चाल अशी की बर्फाला कळूही नये. ही शारकान आपा. पलीकडच्या अंगणाची मालकीण, नवरा गेलेला, मुलगा रशियात कामाला, घरात एक गाय, चार मेंढ्या आणि ती. ती आत शिरली, वरची एक लोखंडी पट्टी ओढली, ठक्! आणि धूर मुकाट वर गेला. बत्तीस वर्षांचा इंजिनिअर नुसता बघत राहिला.

मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. हातात गोवरी. मग नजर खिडकीतून बाहेरच्या हुडव्याकडे गेली. मग परत गोवरीकडे. आणि ती खिडकीच्या चौकटीला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं, म्हातारं माणूस, दम लागला असेल! मग म्हणाली, ‘छान पेटतंय ना, बाळा? घरात ऊब आहे ना?’

आणि मी काय म्हणावं? माझी जीभ झडो! मी म्हणालो, ‘आपा, काय माल आहे! कुणी थापल्यात हो या? कसबी हात आहे, कसबी!’

ती म्हणाली, ‘असेल कुणीतरी बाई.’

तुम्हाला सांगतो, आजही गोवरी हातात घेतली की ते ‘असेल कुणीतरी बाई’ ऐकू येतं.

पुढे ऐका. गावात ओरुलूक चालतं, तुमच्या आजीच्या तोंडून ऐकलं असेल. नवीन माणूस राहायला आलं की एकेका घराने त्याला जेवायला बोलवायचं. आणि नुसतं जेवण नाही हो ते! ज्याच्या घरचं ओरुलूक तुम्ही जेवलात त्याचे तुम्ही शेजारी. तोपर्यंत पाहुणे. आणि पाहुण्याला कुणी उलट बोलत नाही, जाब विचारत नाही, त्याचा पाय आपल्या पिकात पडला तरी ‘सावकाश, दमलात का?’ म्हणायचं. आम्ही सतरा घरी जेवलो! तुराटकडे तर अख्खी मेंढी पडली. तुराट म्हणजे आमचा उत्तरेकडचा शेजारी, घोडे पाळतो, गालावर हिवाळ्याने भाजलेले दोन लाल डाग आणि तोंडात सारखं ‘काय इंजिनिअरसाहेब!’ सतरा घरं झाली, पण भिंतीला भिंत लागून असलेली शारकान आपा? तिचं बोलावणं नाही! रोज कुंपणावरून म्हणायची, ‘माझं ओरुलूक राहिलंय हं, बाळा. तेवढं होऊ दे.’ ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. ‘तेवढं होऊ दे.’ मला रागच यायला लागला. मी सोनुनला म्हणायचो, ‘सगळं गाव जेवायला घालतं आणि या म्हातारीला कढई चढवायचं जिवावर येतं!’

कढई चढवायचं जिवावर येतं... अहो, कढईखाली घालायचं काय तिने? माझं कपाळ? तिच्या कढईखालचं मी माझ्या चुलीत घालत होतो! म्हणजे गाठ कशी बसली बघा. ओरुलूक दिल्याशिवाय ती मला बोलू शकत नाही, आणि मी गोवऱ्या जाळतोय तोवर ती ओरुलूक देऊ शकत नाही! अशी गाठ मी आपल्या नळ्यांतसुद्धा कधी पाहिली नव्हती, आणि नळ्या मी खूप पाहिल्यात.

पण तेव्हा मला काय माहीत? चूक माझीच आहे, नाही म्हणत नाही, पण कुणी एक शब्द बोलेल तर शपथ! उलट ती काय करायची, दुपार झाली की टकळी घेऊन आमच्याकडे यायची. चुलीजवळ बसायची, सूत काढायची, चहा प्यायची, ऊन डोंगराआड गेलं की उठून जायची. रोज! एक दिवस नागा नाही! डिसेंबरात बाहेर उणे तीस, डोळ्यांच्या पापण्या चिकटतायत, आणि ही दोन वाजता दारात हजर. सोनुनला आवडायचं, दोघींच्या गप्पा चालायच्या. मला मात्र... मी कोपऱ्यात खुर्चीवर, हातात वर्तमानपत्र, आतून धुमसतोय. आणि एक दिवस मी सोनुनला म्हणालो. रशियनमध्ये म्हणालो! म्हटलं, खेड्यातली म्हातारी, हिला काय कळतंय. मी म्हणालो, ‘आली बघ. रोज येते आपली ऊब खायला.’

सोनुनने टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की डोळ्यांत पाणी आलं. शारकान आपाची टकळी जराशी थांबली. मग परत फिरायला लागली. मला वाटलं, सूत तुटलं असेल!

नाही, थांबा, याच्याहून वाईट आहे. जानेवारीत मी पाहिलं की तिच्या धुराड्यातून धूर अगदी थोडा निघतो. सकाळी एक बारीकशी रेघ, की दिवसभर काही नाही. आता मी केंद्रातला माणूस, मला धूर वाचता येतो! मी म्हटलं, वा! याला म्हणतात काटकसर! आणि गेलो कुंपणाशी, आणि तिला व्याख्यान दिलं. पाऊण तास! भर बर्फात उभं करून! ‘आपा, तुमचं ज्वलन फार उत्तम आहे. हवा कमी, धग जास्त. आमची सोनुन नुसतं भसाभसा जाळते, तिला जरा शिकवा.’ म्हातारी काखेत हात घालून ऐकत होती. म्हणाली, ‘हो रे बाळा. कमी जाळायची सवय झालीय.’ परत विचारलं, ‘तुमच्याकडे ऊब आहे ना?’ मी म्हणालो, ‘ऊब? घामाने बनियन भिजतंय, आपा! खिडकी उघडावी लागते!’

खिडकी उघडावी लागते! हे मी तिला सांगितलं! तुमच्यापैकी कुणाला चप्पल मारायची असेल तर मारून घ्या, मी हलणार नाही.

मग दोन दिवस ती आलीच नाही. पहिल्या दिवशी मी खूश! दुसऱ्या दिवशी सोनुन म्हणाली, ‘अहो, जिवाला चैन पडत नाहीये माझ्या. बघून येते.’ रोटी फडक्यात बांधली आणि गेली. परत आली ती पांढरीफटक. ‘अहो, घरात आतल्या भिंतीवर बर्फ धरलाय. मोठी खोली बंद केलीय. एका कोपऱ्यात पलंग, पलंगावर आपा, तापाने फणफणलेली, आणि तिच्या पांघरुणात नुकतीच झालेली दोन कोकरं. ऊब यावी म्हणून! चुलीत काय जळतंय माहितेय? झुडपाच्या काटक्या!’

मी वर्तमानपत्र टाकून उठलो. कितीही म्हटलं तरी माणूस आहे मी. म्हटलं, सोनुन, आपल्याकडे एवढा माल पडलाय आणि शेजारीण कुडकुडतेय? शोभतं का? बाहेर गेलो, दक्षिणेच्या भिंतीला उरलेला हुडवा गुडघ्याएवढा होता, त्यातल्या चांगल्या निवडून तीस गोवऱ्या घसरगाडीवर रचल्या. चांगल्या निवडून हं! खराब द्यायच्या नाहीत, असं स्वतःला बजावून! आणि ओढत ओढत निघालो, रस्त्याने, पुढच्या फाटकातून, सगळ्यांना दिसेल असा. कुंपणावरून दहा पावलं होती, पण मी रस्त्याने गेलो. छाती ही अशी! तिच्या दारात गाडी उभी केली आणि म्हणालो, ‘आपा, या आमच्याकडून. नाही म्हणायचं नाही. संपल्या की अजून देईन!’

ती पलंगावर उठून बसली. खिडकीतून गाडीकडे बघितलं. एकेक गोवरी बघितली, जसं कुणी शाळेतून परत आलेली आपली पोरं मोजतं. आणि मग तिने काय करावं? दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि मला दुवा दिला! ‘तुझी चूल कधी विझू नये, बाळा. तुझा हात देणारा राहो.’ हसू फुटलं नाही तिला, गालावर सुरकुती हलली नाही! आणि मी, निर्लज्ज, मान खाली घालून ‘आमीन’ म्हणालो!

बाहेर आलो तर फाटकाला टेकून तुराट उभा. हसतोय. नुसता हसत नाही, घोड्यासारखा खिंकाळतोय, फाटक धरून खाली बसतोय, परत उठतोय. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, ‘इंजिनिअरसाहेब! मेलो! तिच्याच गोवऱ्या तिलाच दान! आणि वरून तिचाच दुवा!’

‘तिच्याच म्हणजे?’

‘तिच्याच म्हणजे तिच्याच! वीस वर्षं ती त्या भिंतीला लावते. गावातली सगळ्यात उन्हाची भिंत ती. कासिमालीनेच दिली होती वापरायला.’

‘अरे पण कासिमाली मला म्हणाला, तेस्केयच्या भिंतीला...’

त्याचं हसू एकदम थांबलं. माझ्याकडे असा बघायला लागला, जसं एखादं पोर चुलीत हात घालतंय. ‘दादा,’ म्हणाला, ‘तेस्केय म्हणजे सूर्याकडे पाठ केलेली बाजू. सावलीची. तुमची उत्तरेची भिंत. सूर्याकडे तोंड ती कुंगोय.’

‘पण सरोवराचा तेस्केय तर दक्षिणेला...’

‘हो ना. आणि त्याची आपल्याकडची उतरण सावलीत असते ना, म्हणून तर तेस्केय!’

शेंबड्या पोराला कळतं हो ते! मेंढ्यांना कळतं! कळलं नाही ते फक्त एकाला, ज्याच्याकडे चौऱ्याहत्तर कलमांची यादी होती. मी त्याच्यावरच ओरडलो, ‘मग तू तीन महिने बघत होतास आणि बोलला नाहीस?’ तर म्हणतो, ‘आपाने शपथ घातली होती. म्हणाली, त्याने अजून माझं ओरुलूक खाल्लं नाही, पाहुणा आहे. पाहुण्याला मीच दिल्यात असं समज. मी दोन पोती देतो म्हटलं, तर ती पण परत पाठवली. म्हणाली, त्याला कळेल आणि लाजेल बिचारा.’

लाजेल बिचारा! ती तिकडे कोकरं कुशीत घेऊन झोपतेय, का? तर मी लाजू नये म्हणून! आणि मी बनियन भिजतंय म्हणून खिडकी उघडतोय!

धावलो उत्तरेच्या भिंतीकडे. आता तिथे काय होतं? डोंगर! बर्फाचा! कुणी घातला? मी! कलम एकोणीस, छपरावरचा बर्फ वेळच्या वेळी खाली ओढावा. सगळा हिवाळा मी छपरावरचा बर्फ अगदी शिस्तीत उत्तरेला ओढत होतो, कारण तिकडे ‘काही नव्हतं’! पहार घेतली, फावडं घेतलं, तुराट आला, दोन दिवस खणलं. आणि माणसाएवढ्या बर्फाखाली निघाला, माझा हुडवा! माझ्या नावाचा! पण काय उपयोग? छपराचं पाणी पिऊन सगळा एकसंध गोठलेला. पहारीने ठिणग्या उडायच्या! जाळायचा तर आधी वितळवायचा, मग वाळवायचा, मग जाळायचा, आणि वाळवायला लागते काय? ऊब! म्हणजे वाळक्या आणि तयार गोवऱ्या त्या अख्ख्या प्रकरणात फक्त तिच्या, आणि त्या मी खाऊन बसलेलो. गावातून मागितल्या असत्या, पण जानेवारीत सगळ्यांचे हुडवे गुडघ्याखाली आलेले असतात, कुणाच्या तोंडचं घेणार?

तेव्हा सोनुनने ठरवलं. मला विचारलंही नाही, आणि बरोबर केलं. ‘आपा आपल्याकडे राहणार. जी चूल पेटलीय तिच्याजवळ सगळ्यांनी बसायचं.’ मग शारकान आपा आली, तिचा पलंग आला, दोन कोकरं आली. गाय आणि मेंढ्या गेल्या तुराटच्या गोठ्यात. आणि चुलीभोवती, दोरीवर, खुर्च्यांवर, माझ्या पुस्तकांच्या कपाटावर माझ्या ओल्या गोवऱ्या वाळत पडल्या. वास? वासाचं विचारू नका. मोकळ्या हवेसाठी गेलो होतो आम्ही! पण एक सांगतो, त्या वासात सोनुनचा खोकला कमीच झाला. आता याचा अर्थ काय लावायचा तो डॉक्टरीणबाईंनी लावावा.

आठ-दहा दिवसांत आपा बरी झाली. आणि एका दुपारी मला म्हणते, ‘बाळा, आज माझं ओरुलूक. तुम्ही दोघांनी यायचं.’ मी म्हटलं, ‘कुठे यायचं, आपा?’ म्हणाली, ‘माझ्याकडे.’ ‘तुम्ही तर आमच्याकडे आहात!’ ‘जिथे माझी कढई, तिथे मी. जा, बाहेर जा. बोलावल्याशिवाय यायचं नाही.’ आणि आम्हाला दोघांना आमच्याच घरातून बाहेर काढलं! कोट घालून, उणे बत्तिसात, आमच्याच दारात आम्ही नवरा-बायको उभे. तुराट कुंपणावरून टाळ्या वाजवतोय. आतून हाक आली, ‘कोण आहे? अगंबाई, नवे शेजारी! या, या, आत या, बाहेर केवढी थंडी!’

आत गेलो. तिने स्वतःची एक मेंढी कापवली होती. चारातली एक! शेवयांवर मटण, वर कांद्याचं पाणी, मानाचा तुकडा माझ्या पुढ्यात. मी तुकडा नुसता ताटात फिरवत बसलो. ती म्हणते, ‘खा, बाळा. तू खाल्ल्याशिवाय माझी सुटका नाही.’ मी खाल्लं. रस्सा प्यायलो. तिने वाडगं उचललं, बाजूला ठेवलं, रुमालाने हात पुसले, हात पसरून दुवा म्हटला, चेहऱ्यावरून हात फिरवला. आणि मग माझ्याकडे वळली.

‘झालं? आता तू माझा शेजारी झालास?’

‘झालो, आपा.’

‘गाढवा!’

अहो, तो आवाज! एवढ्याशा बाईतून! कोकरं टेबलाखाली गेली! ‘गाढवा! चार महिने! चार महिने मी जीभ दाताखाली धरून बसलेय! हुडव्याला खालून हात घालतात का रे? वरून काढायचं असतं, वरून! तीन वेळा कोसळवलास, तीन वेळा मी तुझ्यामागे येऊन परत रचला! आणि झाकायला काय झालं होतं? बर्फ पडायला लागला की मीच फाटकं पोतं टाकायचे! आणि मला हवा शिकवतोस? मला? पाऊण तास? चुलीची पट्टी कुठली ते माहीत नाही आणि ज्वलन म्हणे! मे महिन्यापासून वाकून वाकून थापल्यात मी त्या, माझी कंबर बघ, हे माझे हात बघ!’

मी म्हटलं, ‘आपा, चूक माझीच आहे, नाही म्हणत नाही, पण कासिमालीने फोनवर...’

‘पण? तुझ्या त्या पणवर माझी किटली तापते का?’

तासभर चाललं ते. आणि तुम्हाला खरं सांगतो, एवढं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. एकेक शिवी पडत होती आणि छातीवरचा एकेक दगड उतरत होता. मी म्हटलं, बोला आपा, अजून बोला, राहिलं असेल ते बोला! सगळं बोलली ती. हुडवा, धुराडं, व्याख्यान, खिडकी, घसरगाडी, ते ‘आमीन’सुद्धा! आणि मग चहा ओतला. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

संध्याकाळी तुराट जायला निघाला, बूट घालता घालता सहज म्हणाला, ‘आवाज अजून काय खणखणीत आहे ना आपाचा? राहणारच. नारीन शहराच्या टपाल कचेरीत सतरा वर्षं टेलिफोन जोडून द्यायची ती. जुन्या काळात. दिवसभर रशियनमध्ये बोलायचं.’

मी तिथेच बसलो. बुटांच्या शेजारी, जमिनीवर.

तासभर बोलली, सगळं बोलली, पण त्या एका वाक्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. ते तिने ठेवून दिलं. त्याला शिवी नव्हती तिच्याकडे, की होती आणि द्यावीशी वाटली नाही, मला अजून कळत नाही. माफी मागायला मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा तिने माझ्या तोंडात काहीतरी घातलं, एकदा तळलेला बोरसोक, एकदा साखरेचा खडा, एकदा...जाऊ दे.

आता एप्रिल संपत आला. बर्फ उतरला, माझा हुडवा उन्हात वाळला, तो आता तिचा आहे. ती तिच्या घरी, तिची चूल पेटती. आणि मी? मी तिच्या अंगणात उकिडवा बसून, बाह्या सरसावून, शेण तुडवतो, थापतो, कडा दाबतो. ती खुर्चीवर बसून सांगते, ‘ही वाकडी. ही जाड. ही पुन्हा.’ आज आमच्या गाडीच्या या बॅटरीसाठी शहरात आलो, तीनची बस पकडून परत जायचंय, कारण उद्या सकाळी गोवऱ्या उलटायच्यात. उन्हाच्या भिंतीच्या. कुंगोयच्या!

आणि स्वतःची चूल पेटती असूनही, बरं का, ती अजून रोज दुपारी दोनला टकळी घेऊन आमच्याकडे येते. दारात उभी राहते. सोनुनकडे बघून हसते. मग माझ्याकडे बघते आणि अगदी स्वच्छ, टेलिफोनवरच्या रशियनमध्ये विचारते, ‘येऊ का रे बाळा, ऊब खायला?’

मी उठतो, तिची खुर्ची चुलीजवळ सरकवतो. दुसरं करणार काय?

तेव्हा एर्मेक, उघड ती वही, लिही. मोजे चार जोड पुरे. भिंत कुठली ते विचारायचं. आणि शेजारणीला कुठल्या कुठल्या भाषा येतात, ते त्याच्याही आधी विचारायचं. चूक माझीच आहे.

काय बघताय? वाक्य संपलं.